शिस्त, धास्ती आणि गुणपत्रिका

प्रवेशाच्या दिवसांत पालक बहुधा दोन प्रश्न विचारतात : शिस्त कडक आहे ना, आणि बारावीचा निकाल किती लागला? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण या दोहोंना जोडणारा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारते : वर्गात जे समजले नाही, ते मुलाला मोकळेपणाने विचारता येते का? कुरुदमध्ये कॅडेटना गणित शिकवताना मला हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळेचे वातावरण म्हणजे काय आणि अभ्यासाशी त्याचा संबंध कसा येतो, ते या लेखात पाहू.

लंडनमधील 12 माध्यमिक शाळांचा मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1979 साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'पंधरा हजार तास'. पाचव्या वर्षापासून शाळा सोडेपर्यंत मूल साधारण इतके तास शाळेत काढते. सारख्याच परिस्थितीतून आलेल्या मुलांचे निकालही शाळेगणिक वेगळे होते. इमारत जुनी की नवी, शाळा लहान की मोठी, यावरून तो फरक उलगडत नव्हता. तास वेळेवर सुरू होणे, गृहपाठ देणे आणि तपासणे, चांगल्या कामाचे कौतुक होणे, मुलांवर जबाबदारी सोपवणे, या गोष्टी जिथे होत्या तिथे निकाल आणि वर्तन दोन्ही चांगले होते. जास्त शिक्षा केल्याने वर्तन सुधारल्याचे मात्र दिसले नाही.

आता निवासी शाळेचा हिशेब करा. सहावी ते बारावी ही सात वर्षे. सुट्ट्या वजा जाता वर्षाचे सुमारे 270 दिवस धरले, तरी 45 हजारांहून अधिक तास होतात. त्यामुळे आपल्याकडे वातावरण वर्गापुरते राहत नाही. डॉर्मिटरी, मेस, पीटीचे मैदान आणि रात्रीचा प्रेप हे सगळे त्यात येते.

धास्तीचा परिणाम गुणांपर्यंत कसा पोहोचतो? गणित सोडवताना आकडे, सूत्र आणि पुढची पायरी एकाच वेळी मनात धरावी लागते. मनातली ही जागा फार थोडी असते. 'चुकलो तर सगळे हसतील' हा विचार तिथेच ठाण मांडून बसतो आणि येणारे उदाहरणही चुकते. दुसरा परिणाम सावकाश होतो. मूल न समजलेले लपवायला शिकते. सहावीत लपवलेले अपूर्णांक आठवीत बीजगणित अडवतात आणि अकरावीत भौतिकशास्त्र.

फायरिंग रेंजवर मात्र आपण असे वागत नाही. गोळ्या झाडून झाल्या की कॅडेट उस्तादांबरोबर टार्गेटपाशी जातो. ग्रुपिंग डावीकडे गेले की वर, हे दोघे मिळून पाहतात. श्वास चुकला की ट्रिगर झटक्यात दाबला, ते शोधतात. टार्गेट कोणी खिशात लपवत नाही. तपासलेली उत्तरपत्रिकाही अशीच पाहता आली पाहिजे.

म्हणून शिस्त सैल करावी, असे मी म्हणत नाही. गोंगाटाच्या वर्गात कोणीच शिकत नाही. वेळेवर फॉलइन होणे, प्रेपमध्ये शांतता राखणे, वही पूर्ण ठेवणे यांनी मन स्थिर होते, कारण पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असते. धास्तीत नेमके तेच ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते, ते याच कारणाने अभ्यासाच्याही हिताचे आहे.

सातारा म्हटले की आपल्याला 23 जून 1961 रोजी सुरू झालेली देशातील पहिली सैनिक शाळा आठवते. त्याच जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळाही पाहण्यासारख्या आहेत. प्रतिभा भराडे या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने तिथल्या शिक्षकांनी भयमुक्त वर्गाचा आग्रह धरला. ते मुलांबरोबर खाली बसले आणि हाताळायच्या वस्तूंतून गणित-भाषा शिकवू लागले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या 2015 च्या सरकारी कार्यक्रमाच्या काळात कुमठ्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

विश्वासाचे महत्त्व शिकागोतही दिसले. ब्रिक आणि श्नायडर यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांच्यात दृढ विश्वास असलेल्या शाळांपैकी साधारण दोनांतली एक शाळा वाचन-गणितात सुधारली. जिथे विश्वास कमी होता, तिथे सातांतली एक. अर्थात हा संबंध दुहेरी आहे : निकाल सुधारले की वातावरणही निवळते. घरची परिस्थिती आणि मुलाची मेहनत यांचाही वाटा असतोच.

आता आपल्या कुरुदकडे येऊ. भिलाईच्या कारखान्यामुळे इथे देशभरातून माणसे आली. आपल्या वर्गात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी छत्तीसगढी, तर कोणाच्या घरी हिंदी बोलतात, आणि विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत. एखाद्याच्या उच्चारावर वर्ग हसला, तर तो मुलगा पुढे इंग्रजीच्याच नव्हे, विज्ञानाच्या तासालाही हात वर करत नाही.

सीनियर कॅडेटनो, हे तुमच्या हातात आहे. 2018 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वारंवार छळ सोसणारी मुले घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरूनही वाचनात सरासरी 21 गुणांनी मागे होती. ज्युनियरला रात्री उशिरापर्यंत उभे केले, तर दुसऱ्या दिवशी त्याचा पहिला तास बुडाल्यातच जमा असतो. त्याऐवजी प्रेपमध्ये दहा मिनिटे त्याला एक उदाहरण समजावून द्या.

शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडे थांबावे आणि चुकीच्या उत्तरातली बरोबर पायरी आधी दाखवावी. पालकांनी रविवारच्या फोनवर "किती मार्क पडले?" याआधी "या आठवड्यात काय अडले आणि कोणाला विचारलेस?" असे विचारावे. उत्तर देताना मुलगा गप्प झाला, तर चाचणीच्या निकालाची वाट न पाहता हाउस मास्टरांशी बोलावे.