टाकी गाडीची, घमेलं गाईचं

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात दगडी गाईच्या तोंडातून कृष्णा बाहेर पडते. ते पाहायला आपण गाडी काढून जातो. आज हिशेब करायचाय खऱ्या गाईच्या तोंडाचा, पण सुरुवात त्या गाडीपासूनच करू.

पुणे ते महाबळेश्वर 120 किलोमीटर. गाडी लिटरला 15 देते असं धरा. पसरणीच्या घाटात देत नाही, तरी धरा. म्हणजे 8 लिटर पेट्रोल. पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल घातलेलं, म्हणजे त्यात 1.6 लिटर इथेनॉल. पाण्याच्या दीड बाटलीहून किंचित जास्त!

ते मळीतून आलं असेल तर? टनभर उसातून साधारण 45 किलो मळी, तेवढ्या मळीतून 10 लिटर इथेनॉल. म्हणजे तुमच्या एका सहलीमागे 160 किलो ऊस! डिकीत सोडाच, टपावरही मावायचा नाही. त्यातून निघालेली सोळा-सतरा किलो साखर वेगळीच.

पण गाईला यातलं काय? लिटरभर इथेनॉलमागे उरतं आठ ते पंधरा लिटर काळंकुट्ट सांडपाणी. त्याला कोण तोंड लावणार! घाट उतरून कृष्णेबरोबर वाई, भुईंज, कराड करत सांगलीकडे निघा. दोन्ही काठांना ऊसच ऊस, पण गोठ्यात पोचतं ते तोडणीच्या वेळचं हिरवं वाढं आणि गोळी पेंडीत घातलेली थोडी मळी.

आता तेच 1.6 लिटर मक्याचं धरा. मग बघा गंमत. टनभर मक्यातून 380 लिटर इथेनॉल, आणि मागे उरतो 300 किलो कोरडा भुसा. व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. मक्याचे ढोबळ तीन वाटे होतात. एक टाकीत, एक वायू होऊन हवेत, एक गोठ्यात. यीस्ट नुसती पिठूळ भागाची साखर खातं आणि प्रथिनांना शिवत नाही. म्हणून मक्यात 9 टक्के असलेली प्रथिनं भुशात 27 टक्क्यांवर जातात. फुकटात तिप्पट! (मका बुरशीचा असला तर तिचं विषही तिप्पट होतं. तेव्हा पोतं उघडून बघावं. चांगला माल सोनेरी पिवळा दिसतो, वास आंबूस-गोड येतो. काळपट आणि करपट असला तर परत पाठवावा.)

म्हणजे तुमच्या सहलीमागे सव्वा किलो पेंड तयार झाली. तुम्ही वर स्ट्रॉबेरी खाल्लीत, खाली कुण्या गाईच्या घमेल्यात तेवढी पेंड पडली.

आता एक कारखाना घेऊ, रोज 1 लाख लिटरचा. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर साडेतीन दिवसांत काठोकाठ! त्याला रोज 263 टन मका लागतो, आणि रोज 79 टन भुसा बाहेर पडतो. दहा टनी आठ ट्रक, रोज! गाईला दिवसाला दोन किलो दिला तर 39 हजार गाई एका कारखान्यावर.

आणि देश? 2013-14 साली पेट्रोलमध्ये अवघं 38 कोटी लिटर इथेनॉल पडत होतं. 2024-25 मध्ये हजार कोटींच्या आसपास! आपल्या त्या विहिरी 28 हजार भरतील. (कोयना धरणाला विचाराल तर ते हसेल. त्याच्या पोटाचा हा जेमतेम तीनशेवा भाग.)

यातलं 400 कोटी लिटर मक्याचं धरू. भुसा किती? 31 लाख टनांच्या वर! किलोला 15 रुपये धरले तरी पावणेपाच हजार कोटी रुपये, तेही उरल्यासुरल्याचे! 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 56 लाख म्हशी निघाल्या. रोज दोन किलोप्रमाणे त्यांतल्या चारांतल्या तिघींना हा वर्षभर पुरेल.

आता मालगाडीत भरा. एका वाघिणीत 60 टन, म्हणजे साडेबावन्न हजार वाघिणी. एकेक साडेचौदा मीटर लांब. एकीला एक जोडत गेलात तर 760 किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. म्हणजे मुंबईपासून पुण्यापर्यंत चार रूळमार्ग, चारही गच्च, मध्ये फट नाही, आणि सगळ्यांत पेंड!

थांबा, अमेरिका राहिली. तिथे मक्याचा हा भुसा वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या घरात निघतो. आपल्या अकरा पट. चार अकरं चव्वेचाळीस. मुंबई ते पुणे चव्वेचाळीस मार्ग, पाच लाख ऐंशी हजारांवर वाघिणी! बोरघाटात त्यांना मागून रेटायला किती इंजिनं लागतील, ते तुम्हीच मोजा.