भरती चंद्रामुळे येते, पण पाचूबंदरला एवढी का?

ओहोटीच्या वेळी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पाठीमागे वसईचा किल्ला असतो, समोर खाडीपलीकडे उत्तनची बाजू, आणि मध्ये चिखलात कलंडलेल्या होड्या. पाणी आल्याशिवाय त्या हलणार नाहीत. मागच्या सुट्टीत तिथे जाळं शिवत बसलेल्या एका काकांना मी विचारलं, "काका, पाणी कधी भरेल?" त्यांनी मोबाईल काढला नाही, घड्याळही बघितलं नाही. म्हणाले, "आज चौथ ना? मग तीनला."

हा हिशोब तुमच्यापैकी किनाऱ्यावर राहणाऱ्यांना माहीत असेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुंबई-वसईच्या पट्ट्यात हे ढोबळमानाने बरोबर येतं. दिवसातली दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी.

आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि संशोधनाला सुरुवात करण्याआधी तो मनात पक्का बसावा म्हणून हा लेख लिहितोय. काकांचा अंदाज बरोबर आला. म्हणून तिथीमुळे भरती येते, असं म्हणायचं का?

अंदाज वेगळा, कारण वेगळं

तुम्ही लगेच म्हणाल, नाही. तिथी म्हणजे आकाशातल्या सूर्य-चंद्रामधलं अंतर बारा-बारा अंशांनी मोजायची पद्धत. भिंतीवरचं कॅलेंडर समुद्र ओढत नाही. बरोबर! पण हीच चूक आपण प्रबंधात सर्रास करतो. दोन राशी एकत्र वर-खाली होतात, आलेख सुंदर येतो, आणि निष्कर्षात आपण "अमुकमुळे तमुक" लिहून मोकळे होतो.

अंदाज बांधायला कारण माहीत असावंच लागतं असं नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं आहे. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीमापक यंत्राच्या नोंदी आहेत. त्याच सुमारास, १८७९ मध्ये, हिंदुस्थानातल्या बंदरांच्या भरतीचे तक्ते काढण्यासाठी लंडनमध्ये खास यंत्र तयार झालं. मूळ कल्पना लॉर्ड केल्विन यांची. कप्प्यांवरून एक दोरी जाते, प्रत्येक कप्पी आपापल्या गतीने वर-खाली होते, आणि सगळ्यांची बेरीज कागदावर उमटते. ती बेरीज म्हणजे पुढच्या वर्षाची भरती. पण कोणती कप्पी किती हलवायची, हे त्या-त्या बंदरातल्या जुन्या नोंदींवरून ठरवावं लागायचं. मुंबईचे आकडे कराचीला चालत नाहीत. आजच्या मशीन लर्निंगच्या मॉडेललाही जुनी माहिती लागते आणि अंदाज झकास येतो, तसंच हे पितळी यंत्र होतं म्हणा.

अडचण कधी येते? परिस्थिती बदलली की. खाडीच्या तोंडाशी भराव टाकला, तळ खोदला, तर जुने आकडे कामाचे राहत नाहीत. काय बदलल्यावर काय बदलेल, हे सांगायला कारण लागतं. कारणाची कामचलाऊ व्याख्याही हीच धरा: बाकी सगळं तसंच ठेवून ही एक गोष्ट बदलली, तर परिणाम बदलेल का?

गॅलिलिओ कुठे घसरला

चंद्र आणि भरती यांचा संबंध खलाशांना फार पूर्वीपासून माहीत होता. केप्लरने १६०९ मध्ये लिहूनही टाकलं होतं की चंद्राच्या ओढीने समुद्राचं पाणी हलतं. पण गॅलिलिओला हे अजिबात पटलं नाही. १६१६ मध्ये आणि पुन्हा १६३२ च्या 'संवाद' या ग्रंथात त्याने स्वतःचा सिद्धांत मांडला: पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, त्या दोन गतींची कधी बेरीज होते, कधी वजाबाकी, म्हणून पाणी हिंदकळतं. पाणी भरलेली होडी एकदम थांबवली की पाणी पुढे सरकतं, तसं.

त्याने चंद्र का नाकारला? कारण त्याच्या मनात एक तत्त्व होतं: लांबून, मध्ये काहीही नसताना, एक वस्तू दुसरीला ओढते हे मानणं म्हणजे गूढविद्या. भौतिकशास्त्राने गतीची, ढकलण्या-आदळण्याचीच कारणं द्यावीत. हे तत्त्व मूर्खपणाचं मुळीच नव्हतं. ज्योतिषाच्या गोंधळातून निसर्गाचा अभ्यास बाहेर काढायला त्याची गरजच होती.

पण त्याच्या सिद्धांतातून दिवसाला एकच भरती निघते. प्रत्यक्षात दोन येतात. शिवाय त्या रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतात, आणि सूर्याच्या घड्याळावर चालणाऱ्या सिद्धांतात हा उशीर बसत नाही. गॅलिलिओने दोन भरत्यांचा दोष समुद्राच्या लांबी-खोलीवर टाकला, म्हणजे दुय्यम कारणांवर. तत्त्व शाबूत राहिलं, निरीक्षणाला मात्र कोपऱ्यात बसवलं.

इथे एक खूण लक्षात ठेवा. तुमच्या विषयातलं सगळ्यात ठळक, रोज दिसणारं निरीक्षण जर "किरकोळ दुरुस्ती" या सदरात जायला लागलं, तर थांबा. तत्त्वं शोधाची दिशा दाखवायला वापरावीत. आलेली नोंद नाकारायला वापरली की घात होतो.

ओढ किती, यापेक्षा ओढीतला फरक किती

न्यूटनने १६८७ मध्ये गुत्थी सोडवली, पण कशी ते नीट बघा. "चंद्र पाणी ओढतो" एवढंच म्हटलं तर चंद्राच्या बाजूला एकच फुगवटा यायला हवा. म्हणजे पुन्हा दिवसाला एकच भरती. न्यूटनचा मुद्दा असा, की चंद्र संपूर्ण पृथ्वीलाच ओढतो. जवळच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा थोडं जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं थोडं कमी. त्या फरकामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि दिवसाला दोन भरत्या.

हे खरं कशावरून? सूर्याला विचारा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १७८ पट जोराने ओढतो. नुसती ओढ हे कारण असतं तर चंद्राला कोणी विचारलंच नसतं. पण ओढीतला फरक अंतराच्या घनाप्रमाणे कमी होतो. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट, अंतर सुमारे ३९० पट. ३९० चा घन जवळपास ५ कोटी ९० लाख. भागाकार करा: सूर्याचा प्रभाव चंद्राच्या साधारण ०.४६ पट निघतो. म्हणूनच अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा प्रभाव जुळून उधाण येतं, आणि अष्टमीच्या सुमारास एकमेकांना छेद देऊन भांगाची भरती येते.

पाचूबंदरला हा नुसता पाठ्यपुस्तकातला फरक नाही. वसईकडची डोल जाळी खुंटांना बांधून पाण्याच्या ओढीत तोंड उघडं ठेवतात. बोंबील, जवळा आत येतो तो प्रवाहाच्या जोरावर. उधाणाला ओढ जोरात, भांगाला मंद. धंद्याचं गणितच त्यावर चालतं.

आणि गॅलिलिओच्या तत्त्वाचं काय झालं? लांबून ओढण्याची अडचण न्यूटनलाही वाटत होती, पण यंत्रणा सापडत नाही म्हणून त्याने हिशोब थांबवला नाही. पुढे १९१५ मध्ये आइन्स्टाईनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षणाचा परिणाम अवकाशातून टप्प्याटप्प्याने, प्रकाशाच्या वेगाने पोचतो असं ठरलं. म्हणजे "मध्ये काहीतरी साखळी हवी" हा आग्रह अगदीच वाया गेला नाही. फक्त त्याच्या नावाखाली चंद्राला नाकारायला नको होतं.

चंद्र बाजूला काढता येत नाही, मग प्रयोग कसा करायचा?

आपली व्याख्या म्हणते, कारण बदलून बघा. चंद्र कसा बदलणार? खगोलशास्त्र, हवामान, भूगर्भ या सगळ्या विषयांत ही अडचण आहे. तिथे निसर्ग स्वतः जे बदल करतो ते हेरावे लागतात.

भरतीत दोन मुख्य ताल आहेत. एक बरोबर १२ तासांचा, सूर्याचा. दुसरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा, चंद्राचा. पुरेशा दिवसांच्या नोंदी असल्या की हे दोन ताल गणिताने वेगळे काढता येतात. आता गंमत बघा. १२ आणि २४ तासांच्या तालावर भरतीखेरीज बरंच काही चालतं: खारे वारे, मतलई वारे, हवेचा दाब, तापमान. त्यामुळे त्या तालातला प्रत्येक सेंटिमीटर सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळेच आला, असं छातीठोक सांगता येत नाही. पण १२ तास २५ मिनिटांच्या तालावर पृथ्वीवर दुसरं काय चालतं? वारा नाही, ऊन नाही, माणसांचे व्यवहार नाहीत. तो ताल चंद्राच्या बोटाच्या ठशासारखा आहे.

हे मी स्वतः धडा घेऊन शिकलोय. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या उपकरणात दुपारी गोंगाट वाढायचा. दुपारी तापमान वाढतं, म्हणून कारण तापमान, असं मी ठरवलं. चार महिने उपकरणाभोवती तापमान स्थिर ठेवणारी पेटी बनवत बसलो. पेटी झाली, तापमान स्थिर झालं, गोंगाट तिथेच! शेवटी जुन्या नोंदी वारांनुसार मांडल्या, तेव्हा दिसलं की रविवारी दुपारी गोंगाट नाही. ऊन तर रविवारीही पडतं. आठवडा ही माणसांची सोय, निसर्गात सात दिवसांचा ताल नसतो. कारण इमारतीतल्याच कुठल्यातरी यंत्रात होतं, जे सुट्टीला बंद असायचं. ते शोधायला मग दोन दिवस लागले. नोंदी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होत्या, मी त्यांना नीट प्रश्नच विचारला नव्हता.

"कशाच्या तुलनेत?"

आता शीर्षकातला प्रश्न. न्यूटनच्या साध्या हिशोबाने मोकळ्या महासागरात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर यायला हवा. पण गोव्यात उधाणाला तो दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबई-वसईत चारच्या घरात, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरपर्यंत जातो. चंद्र तर सगळीकडे तोच.

म्हणजे "पाचूबंदरला भरती का येते?" याचं उत्तर चंद्र. आणि "पाचूबंदरला गोव्यापेक्षा मोठी भरती का येते?" याचं उत्तर चंद्र नाही! तिथे उत्तर आहे मुंबईसमोरचा रुंद, उथळ समुद्रतळ आणि उत्तरेला निमुळतं होत जाणारं आखात. भरती ही महासागरातून येणारी लाट आहे, आणि किनाऱ्याचा आकार तिला वाढवतो किंवा दाबतो. हा विचार लाप्लासने १७७० च्या दशकात समीकरणांत मांडला. प्रश्नातली तुलना बदलली की कारण बदलतं.

एक फसवा योगायोगही सांगतो. अमावास्येला दुपारी चंद्र सूर्यासोबत माथ्याकडे असतो, आणि आपल्याकडे भरतीही बाराच्या सुमाराला येते. वाटतं, फुगवटा बरोबर चंद्राखाली आला, न्यूटनचं चित्र तंतोतंत जुळलं. पण त्याच दिवशी, त्याच चंद्राखाली, भावनगरला भरती कित्येक तास उशिरा येते. एका ठिकाणी जुळलं ते नशीब होतं. दुसरं ठिकाण तपासलं नसतं तर कळलं नसतं.

हे डोक्यात ठेवून किनाऱ्यावरचा खरा प्रश्न बघा. पावसाळ्यात एखाद्या वस्तीत समुद्राचं पाणी घरात शिरतं. कारण काय? कालच्या तुलनेत विचारलं तर उत्तर उधाण असेल. मागच्या महिन्यातल्या तेवढ्याच उधाणाच्या तुलनेत विचारलं तर वारा आणि लाटा. वीस वर्षांपूर्वीच्या तशाच दिवसाच्या तुलनेत विचारलं तर किनाऱ्याची धूप, वाळू, बांधकाम, वाढती समुद्रपातळी हे सगळे उमेदवार उभे राहतात. "उधाण होतं" हे उत्तर खोटं नाही, पण ते पहिल्या प्रश्नाचं आहे. ते तिसऱ्या प्रश्नाला दिलं, तर ज्याच्यावर उपाय करता आला असता ते नजरेआड होतं. चंद्रावर कोणी उपाय करू शकत नाही. बांध कुठे घालायचा, हे ठरवता येतं.

तुमचा विषय घ्या आणि हे लिहून काढा

१. मला अंदाज हवाय की कारण? दोन्ही चालतात, पण निष्कर्षात अदलाबदल करू नका.

२. माझा "का" कशाच्या तुलनेत आहे? वाक्यात "ऐवजी" किंवा "पेक्षा" आल्याशिवाय प्रश्न पूर्ण झाला असं समजू नका.

३. मी मानलेलं कारण ज्या तालावर बदलतं, त्याच तालावर आणखी काय बदलतं? माझ्या नोंदींत एखादा "रविवार" आहे का?

४. कोणत्या तत्त्वामुळे मी एखादं उत्तर आधीच नाकारतोय? आणि त्या नकाराची किंमत कोणतं निरीक्षण मोजतंय?

सराव म्हणून मुंबईचा एका महिन्याचा भरतीचा तक्ता घ्या आणि काकांचा नियम तपासा. पंधरा तिथींत वेळ बारा तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपटीत ४५ धरतात. शिवाय वेळ रोज सारखी सरकत नाही: उधाणाच्या दिवसांत कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. असं का होतं, ते सूर्य-चंद्राचे दोन ताल कागदावर एकत्र मांडून स्वतः शोधा. एका संध्याकाळचं काम आहे. अडलात तर लिहा, मिळून सोडवू.

त्या दिवशी, तुम्हाला वाटलंच असेल, मी तीनपर्यंत थांबलो होतो. तीनला दहा मिनिटं असताना होड्या हलायला लागल्या होत्या.