पूड कोणाच्या हातात होती?

(ऊर्जेचे दावे, दाव्यांची तपासणी : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण १९८९ मधल्या यूटा विद्यापीठातल्या 'कोल्ड फ्यूजन'चा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या दाव्याचा, गाजावाजा पाहिला. त्याच घराण्यातला पुढचा दावा म्हणजे आंद्रेआ रॉसी या इटालियन उद्योजकाचा 'ई-कॅट'. निकेलची पूड, लिथियम आणि हायड्रोजन एका नळीत तापवा. दिलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता मिळेल, असं त्यांचं म्हणणं.

२०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत त्याची ३२ दिवस चाचणी झाली. इटली आणि स्वीडनच्या सहा संशोधकांनी अहवाल दिला : उष्णता तिपटीहून जास्त. त्यांतले हान्नो एसेन तर स्वीडनमधल्या संशयवाद्यांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष. मग आणखी काय हवं होतं?

बरंच काही. उष्णतेचा हिशेब थर्मल कॅमेऱ्यावर होता. हा कॅमेरा थेट तापमान मोजत नाही. पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण तो टिपतो आणि आपण भरलेल्या उत्सर्जकतेच्या (पृष्ठभाग किती जोमाने किरण सोडतो, त्याच्या) आकड्यावरून तापमान काढतो. नळी ॲल्युमिनाची. तापल्यावर तिची एकूण उत्सर्जकता बरीच कमी असते. कॅमेरा ज्या तरंगलांबींच्या पट्ट्यात पाहतो, तिथे मात्र ती एकच्या जवळ जाते. टीकाकारांनी नेमकं इथे बोट ठेवलं : अहवालात कमी आकडा भरला होता. आकडा कमी, की तापमान फुगतं. आणि प्रारित उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून नफा त्याहून फुगतो. इंधनाविना नळी तेवढीच तापवून कॅमेरा पडताळता आला असता. ती नेली ४५० अंशांच्या आसपास; इंधनासह मोजलेलं तापमान १,२०० च्या वर!

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. इंधन भरणं, नळी सुरू आणि बंद करणं, राख काढणं या कामांत रॉसींचा हात होता, असं अहवालच सांगतो. राखेतलं निकेल जवळजवळ सगळं निकेल-६२ या समस्थानिकाचं निघालं. निसर्गात ते चार टक्क्यांहून कमी असतं. एरवी हा अणुप्रक्रियेचा सणसणीत पुरावा ठरला असता. फसवणुकीचा आरोप मी करत नाही, त्याची गरजही नाही. गावच्या डेअरीतसुद्धा दूध घालणाऱ्याला स्वतःची फॅट स्वतः लावू देत नाहीत.

मनापासून शंका घेणाऱ्याला पटवायचं, तर अटी त्यालाच घालू द्याव्यात. गूगलच्या पैशावर २०१५ पासून सुमारे ३० संशोधकांनी कोल्ड फ्यूजन नव्याने तपासलं. खर्च एक कोटी डॉलर. ही माणसं हेटाळणी करायला बसली नव्हती. काही सापडलं असतं तर त्यांना हवंच होतं. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की पुरावा मिळाला नाही.

रॉसींचा वाद मात्र मायामीच्या न्यायालयात पोचला. २०१७ मध्ये गुंतवणूकदार कंपनीशी तडजोड झाली आणि यंत्र चालतं की नाही, याचा निकाल तिथे लागलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तुर्भ्याला जाऊ : भाभा अणुसंशोधन केंद्रातले १९८९ चे प्रयोग.