कोल्हापूरच्या मिशनमागचा केपटाऊनचा डीन

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळींचा विषय निघाला की सुरुवात रॉयल वाइल्डर यांच्यापासून होते, आणि ते रास्तच आहे. हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले, शाळा काढल्या, आणि पाठवणाऱ्या मंडळाने पाठिंबा काढून घेतल्यावरही काम सोडले नाही. वाइल्डर मेमोरियल चर्चमुळे त्यांचे नाव आजही गावाच्या तोंडी आहे. हेन्री अलेक्झांडर डग्लस हे नाव मात्र कुणी घेत नाही. एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेचे मिशन १८७० साली कोल्हापुरात आले, ते हे डग्लस मुंबईचे बिशप असताना.

डग्लस हे मुंबईचे तिसरे बिशप. १८६९ साली ते इकडे आले ते केपटाऊनचे डीनपद सोडून, आणि तिथला त्यांचा लौकिक फिर्यादीचा होता. दक्षिण आफ्रिकेतल्याच नाताळ प्रांताचे बिशप जॉन कोलेन्सो झुलू भाषेत बायबल उतरवत होते. जलप्रलयाची गोष्ट आली तेव्हा त्यांच्या झुलू सहकाऱ्याने, विल्यम एन्गिदी याने, सरळ विचारले : हे सगळे खरेच घडले का? कोलेन्सोंना हो म्हणवेना. त्यांनी जुन्या करारातले आकडे तपासायला घेतले आणि १८६२ पासून निष्कर्ष छापले. इंग्लंड हादरले. पुढच्याच वर्षी पाखंडाचा आरोप ठेवणाऱ्या तिघांत डग्लस होते. केपटाऊनच्या बिशपांनी कोलेन्सोंना पदच्युत केले. १८६५ साली प्रिव्ही कौन्सिलने ती कारवाईच बेकायदा ठरवली. एका झुलू माणसाच्या प्रश्नाने बिशप बदलावा, हे त्या काळी फार थोड्यांना पचले. डग्लस त्या थोड्यांतले नव्हते.

असा शिस्तीचा माणूस कोल्हापूरकडे वळला ते साल संस्थानाला विलक्षण गेले. तरुण राजाराम महाराज विलायतेला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आहे. त्याच वर्षी वाइल्डर यांचे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाने अंगावर घेतले. म्हणजे एका संस्थानी गावात, एकाच वर्षी, दोन मिशने. अठरा वर्षे दुसऱ्याने नांगरलेल्या शेतात नवे औत घालण्याची ही घाई मला तरी बरी वाटत नाही. मोकळी गावे काय थोडी होती?

डग्लस यांचा खरा ठसा कोल्हापूरबाहेर उमटला. एकेकट्या मिशनऱ्यापेक्षा व्रतस्थ, अविवाहित बंधूंचा संघ इथे चालेल, असे त्यांचे मत होते. मठ आणि संन्यासी जाणणाऱ्या मुलखात हा अंदाज चुकीचा नव्हता. १८७४ साली काउली फादर, म्हणजे असाच एक अँग्लिकन बंधुसंघ, मुंबईत आले. डग्लस पुढच्याच वर्षी वारले, पण काउलीवाले पुण्याच्या पंचहौदापर्यंत पोचले. ४ ऑक्टोबर १८९० चा तो प्रसिद्ध चहा त्याच पंचहौद मिशनमधला. मिशनऱ्यांनी बोलावलेल्या हिंदू पाहुण्यांपैकी कुणी तो प्यायला, कुणी नुसता कप हाती धरला, आणि पुण्यात ग्रामण्य माजले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, पुढे रानड्यांनीही घेतले. या प्रकरणावर मराठीत भरपूर लिहिले गेले. त्या मिशनऱ्यांना या मुलखात आणण्याच्या खटपटीत असलेल्या बिशपावर जवळपास काहीच नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि कोल्हापुरात वेगवेगळ्या आलेल्या अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरा एका छत्राखाली आल्या. त्या चर्चच्या धर्मप्रांतांत कोल्हापूर हा आज स्वतंत्र धर्मप्रांत आहे.