हजेरी न घेणारा वर्ग

चारकोपला पिणं लपत नाही. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५च्या सुमारास सुरू झालेल्या मुंबई नगरविकास प्रकल्पात म्हाडाने इथे सेक्टर पाडले, छोटे भूखंड आखले आणि साधारण ३५-३५ भूखंडांची एकेक सोसायटी मोकळ्या चौकाभोवती बसवली. बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, चौक राहिला. रात्री कोणाला दोघांनी धरून आणलं, ते सकाळपर्यंत चौकभर झालेलं असतं. गंमत अशी की, रोज झोकांड्या खात येणाऱ्याला त्याची लाज उरलेली नसते. आपण दारू सोडायच्या मिटिंगला जातो हे कोणाला कळलं तर मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अशा मिटिंगा भरवणारं अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘एए’, ही लाज जमेस धरूनच उभं आहे. इथे आडनाव विचारत नाहीत. फॉर्म नाही, फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा असावी एवढीच अट, आणि ती इच्छा किती खरी हे तपासायलाही कोणी बसलेलं नसतं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. सोडायला काहीच लागत नाही.

मिटिंग सापडणं तसं अवघड नाही. भारतात एए १९५७ पासून आहे आणि त्याचं देशाचं सेवा कार्यालय मुंबईतच, भायखळ्याला आहे. हेल्पलाइनला फोन केला की जवळचे गट कळतात. विचारताना मात्र वार आणि वेळेवर थांबू नये. बोलणं मराठीत चालतं की हिंदी-इंग्रजीत, हे विचारावं. मनातलं ओकायचं तर ते आपल्याच भाषेत बाहेर येतं. मिटिंग खुली आहे की बंद, हेही विचारावं. खुल्या मिटिंगला घरचं माणूस सोबत येऊ शकतं, बंद मिटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असणाऱ्यांची. जागा बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एक फोन केलेला बरा. ओळख निघायची धास्ती असेल, तर डहाणूकरवाडीला मेट्रो पकडून दहिसर किंवा अंधेरीकडची मिटिंग गाठावी. जवळचीच धरली पाहिजे असा नियम नाही.

जागा बहुधा साधी असते: चर्चचा हॉल, नाहीतर संध्याकाळी रिकामा झालेला शाळेचा वर्ग. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसतात. सुरुवातीला एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात, मग एकेक जण पुढे येतो, पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि शेअरिंग करतो. पगार कुठे गेला, बायकोचं मंगळसूत्र कसं गहाण पडलं, पहिला दिवस कसा काढला. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. नवा माणूस नुसता ऐकून उठला तरी चालतं.

ही पद्धत कोणा तज्ज्ञाने आखलेली नाही. मे १९३५मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्यातला डाव फसल्यावर अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावच्या हॉटेलात एकटा उभा होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते आणि पलीकडे बार गजबजला होता. तो फोनकडे वळला. लॉबीत लावलेल्या चर्चच्या यादीवरून नंबर फिरवत राहिला आणि शेवटी डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनपर्यंत पोचला. त्याला डॉक्टरांना सुधारायचं नव्हतं; स्वतःला प्यावंसं वाटू नये म्हणून दुसऱ्या दारुड्याशी बोलायचं होतं. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५, तोच एएचा स्थापनादिवस. पुढे एएच्या मंडळींनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्याकडे मोठी रक्कम मागितली. १९३८मध्ये त्यांनी पाचच हजार डॉलर दिले. जास्त पैसा हे काम बिघडवील, असं त्यांचं मत. आज एए बाहेरची देणगी घेत नाही. मिटिंगमध्ये डबा फिरतो, सभासद जमेल ते टाकतात, जागेचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही.

याचा उपयोग होतो का? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं तपासली गेली. एएच्या बारा पायऱ्यांच्या वाटेने गेलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. चमत्कार नाही, पण फुकटच्या उपायाला हे थोडं नाही. एक गोष्ट मिटिंगच्या आवाक्याबाहेरची: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याने आधी डॉक्टर गाठावा. बारा पायऱ्यांमधली ‘परमेश्वरी शक्ती’ची भाषा काहींना पटत नाही, त्यांनाही दुसरी दारं आहेत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ला सुरू झालं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची देणगी, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं काम. उपचार संपल्यावरचा पाठपुरावाही तिथे उपचाराइतकाच महत्त्वाचा मानतात.

मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. एएच्या शेजारी कुटुंबीयांसाठी अ‍ॅल-अनॉन आहे. चारकोपातून पहिला फोन घरातली बाईही करू शकते. नवरा अजून पीत असला, मिटिंगचं नाव काढताच अंगावर येत असला, तरी तिला अ‍ॅल-अनॉनला जाता येतं. त्याला सांगूनच जायला हवं असंही नाही.