फादरचं ऐकायचं की स्वतःच्या मनाचं? चर्चमधल्या बायकांचा जुना प्रश्न आणि पंडिता रमाबाईंची पत्रं

वर्धा जिल्हा कॅथलिक चर्चच्या नकाशावर चांदा धर्मप्रांतात येतो. मूळ केरळच्या सिरो-मलबार चर्चचा हा धर्मप्रांत. इथे वाढणाऱ्या कॅथलिक मुलीला लहानपणापासून एक गोष्ट दिसते: फादर पुरुष, बिशप पुरुष, पोपही पुरुष. हा निव्वळ योगायोग नाही. पौर्वात्य कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम ७५४ सांगतं की बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच धर्मगुरूपदाची दीक्षा मिळू शकते.

पण हेच चर्च दुसरंही काहीतरी शिकवतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटलं की सदसद्विवेकबुद्धी हा माणसाच्या आतला गाभारा आहे, तिथे तो देवासोबत एकटा असतो. मग बिशप एक सांगतात आणि आतला आवाज दुसरंच सांगतो, तेव्हा बाईने काय करायचं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये यासारखाच प्रश्न अभ्यासला, चर्चच्या बाहेर. त्यांच्या मते बाईच्या नैतिक विचाराचा प्रवास साधारण असा होतो. आधी स्वतःचा बचाव. मग ‘चांगली बाई’ होणं, म्हणजे दुसऱ्यांसाठी स्वतःला मागे ठेवणं. आणि त्यापुढे, सगळ्यांची काळजी घेताना त्या ‘सगळ्यांत’ स्वतःलाही मोजणं. बऱ्याच जणी मधल्या टप्प्यावर अडकतात, कारण तिथे कौतुक होतं. आपल्याकडे तर ‘किती सोशिक आहे’ ही शाबासकीच असते!

तिसऱ्या टप्प्याकडचा प्रवास कसा दिसतो, याचा आपल्याकडचा सर्वात बोलका पुरावा म्हणजे पंडिता रमाबाईंची पत्रं. त्या कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन होत्या. पण १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावात ज्या जोगिणींकडे त्या राहिल्या, तो मठ अँग्लिकन चर्चमधल्या कॅथलिक वळणाचा होता. शिस्त, आज्ञापालन, वरिष्ठांचा शब्द, सगळं तसंच. तिथेच त्यांनी त्या वर्षी २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या.

ठिणगी पडली ती शिकवण्यावरून. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार पुढे आला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं हिंदुस्थानात बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मायदेशी पुरुषांच्या भरसभेत व्याख्यानं दिलेल्या रमाबाईंना हे ऐकून काय वाटलं असेल!

मे १८८५ मध्ये त्यांनी सिस्टर जेराल्डिनना लिहिलं की आपल्याला स्वतःचं मन आहे, विवेक आहे, निर्णयशक्ती आहे. भटजींचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता पाद्र्यांचं मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा मान्य, पण पुरोहिताची आज्ञा म्हणजे देवाची नव्हे. सिस्टरना यात अहंकार दिसला. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या बाईला हा शब्द नेहमीच ऐकावा लागतो.

विशेष म्हणजे रमाबाईंनी श्रद्धा सोडली नाही आणि नातंही तोडलं नाही. पत्रं पुढेही चालू राहिली. ती सिस्टर जेराल्डिननीच जपली आणि १९७७ मध्ये ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली मुंबईत पुस्तकरूपाने आली. बंडखोर बाईची कागदपत्रं जिच्याशी भांडण होतं तिनेच सांभाळावीत, हे मला फार हृद्य वाटतं.

आज कॅथलिक चर्चमध्ये काय बदललं? भारतीय बिशप परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं. २०२३ च्या व्हॅटिकनमधल्या सिनॉडमध्ये बायकांना पहिल्यांदा मतदानाचा हक्क मिळाला, ५४ जणींना. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिला व्हॅटिकनच्या एका मोठ्या विभागाच्या प्रमुख झाल्या. जगभरच्या जोगिणींचा आणि व्रतस्थ पुरुषांचा कारभार या विभागाकडे असतो.

म्हणजे कारभाराची दारं थोडी उघडली. दीक्षेचं दार बंदच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवलं की बायकांना दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही आणि हा निर्णय अंतिम समजावा. कलम ७५४ आजही तसंच आहे. वर्ध्यातली एखादी बाई या नियमाशी सहमत नसेल, तर ते फादरना सांगायचं की फक्त मनात ठेवायचं, हे तिचं तिलाच ठरवावं लागतं.