कानातली नळी : घालावी की थांबावे?

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील आश्रमशाळेत पहिलीच्या वर्गातले एखादे मूल हाक मारली तरी वळत नाही. घरी माडिया बोलतात, अजून मराठी कळत नसेल, असे आपण समजतो. बहुधा ते खरेही असते. पण कधीकधी अडचण भाषेची नसून कानाची असते. पडद्यामागे द्रव साठलेला असतो आणि सगळे आवाज मुलापर्यंत मंद होऊन पोचतात. डॉक्टर कधी कधी अशा मुलाच्या पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा सल्ला देतात. मग पालक शिक्षकांनाच विचारतात, "गुरुजी, काय करू?" उत्तर देण्यापूर्वी ही नळी नेमके काय काम करते ते पाहू.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे तिथेच असतात. पोकळीतील हवा सभोवतालच्या अस्तरात सतत शोषली जाते. ती भरून काढण्याचे काम घशामागे उघडणारी युस्टेशियन नलिका करते. घाट चढताना कानात दडा बसतो आणि आवंढा गिळताच तो मोकळा होतो, तेव्हा हीच नलिका उघडलेली असते. लहान मुलांमध्ये ही नलिका आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सहज बंद होते. मग पोकळीतील दाब घटतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरतो. पुष्कळदा तो डिंकासारखा चिकट होतो. दुखत नाही, ताप नसतो. म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. ऐकण्याची पातळी साधारण २० ते ३० डेसिबलने घसरते. मोठ्याने बोललेले कळते, पण कुजबुज आणि 'स', 'फ', 'त' यांसारखे हलके वर्ण निसटतात.

वर्गात हे दाखवता येईल. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा आणि त्यावर थोडा रवा टाका. जवळ थाळी वाजवली की रवा उडतो. आता डबा काठोकाठ पाण्याने भरून तेच करा. रवा फारसा हलणार नाही. पडद्याला कंप पावायचे तर मागे हवाच हवी.

ग्रोमेट हे दोऱ्याच्या रिळासारखे, साबुदाण्याच्या दाण्याएवढे असते. ते द्रव काढण्याचे नळकांडे आहे असा पुष्कळांचा समज असतो. द्रव तर पडद्याला छेद दिला तेव्हाच शोषून काढतात. पण नुसता छेद काही दिवसांत बुजतो. तो उघडा ठेवून बाहेरची हवा आत जाऊ देणे, म्हणजे बंद पडलेल्या नलिकेचे काम करणे, हे ग्रोमेटचे खरे काम. अमेरिकेतील आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये अशी नळी वापरात आणली. सहा महिने ते दीड वर्षात ती बहुधा आपोआप गळून पडते. तोवर मूल वाढते, नलिका लांब आणि तिरपी होते.

मग प्रत्येक मुलाला ती का घालू नये? कारण बहुतेकांचा द्रव आपोआप जातो. शिवाय लहान मुलांना या शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागते. नळीतून कान वाहू शकतो आणि शंभरात एक-दोन मुलांच्या पडद्याला नंतर छिद्र राहते. पिट्सबर्ग येथे जॅक पॅरडाइझ आणि सहकाऱ्यांनी द्रव टिकून राहिलेल्या, तीन वर्षांखालील ४२९ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच नळी घातली; दुसऱ्याला सहा ते नऊ महिने थांबवून, द्रव उरला असेल तरच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिसऱ्या वर्षी भाषा आणि बुद्धी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २००७ मध्ये, मुले नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावरही तो आढळला नाही. मात्र ही मुले एरवी निरोगी होती. टाळू दुभंगलेली, डाउन सिंड्रोम असलेली, बोलण्यात मागे पडलेली किंवा आधीच कमी ऐकणारी मुले यांना हा निष्कर्ष लावता येत नाही. त्यांच्याबाबत तज्ज्ञांकडे लवकर जावे.

इतरांसाठी आजचा नियम सोपा आहे. तीन महिने वाट पाहावी. त्यानंतरही दोन्ही कानांत द्रव असेल आणि श्रवणचाचणीत ऐकणे कमी आढळले, तर नळीचा विचार करावा. या द्रवावर प्रतिजैविके किंवा सर्दीच्या गोळ्या यांचा फायदा होत नाही.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलभागात या हिशेबात आणखी एक रकाना वाढतो. नळी घातल्यावर ठराविक काळाने कान तपासून घ्यावा लागतो, आणि पावसाळ्यात नाल्यांच्या पुराने गावांचे रस्ते बंद होतात. तपासणीला नेता येईल का, कान वाहिला तर कोणाकडे जायचे, हे शस्त्रक्रियेआधीच ठरवावे. नळी असताना गढूळ पाण्यात बुडी मारू देऊ नये. वाहता कान ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे पडद्याला आधीच छिद्र पडलेले असते, त्यावर ही नळी हा उपाय नव्हे. कानात तेल घालू नये, स्वच्छ कापडाच्या वातीने कान कोरडा करावा आणि डॉक्टरांना दाखवावे. कानामागे सूज आली तर त्याच दिवशी न्यावे.

थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. आश्रमशाळेत आई जवळ नसते, म्हणून लक्ष ठेवणे शिक्षकांकडेच येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून त्याच्याच भाषेत ओळखीच्या वस्तूंची नावे कुजबुजावीत. आपल्याला माडिया किंवा गोंडी येत नसेल तर मोठ्या वर्गातील विद्यार्थ्याला उभे करावे. मराठी कळत नसेल, पण माडियातील कुजबुज ऐकू येत असेल, तर अडचण भाषेची. तीही ऐकू येत नसेल तर कानाची शंका घ्यावी. द्रव कमीजास्त होतो, म्हणून दर पंधरवड्याला तपासून तारीख वहीत लिहावी. तोवर मुलाला पुढे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत कमी ऐकू येणे आणि मध्यकर्णाचा दाह हे दोन्ही आहेत. पथक येईल तेव्हा ही वही पुढे ठेवावी. तीन महिन्यांच्या नोंदी हाती असतील, तर नळी घालावी की थांबावे हे ठरवताना डॉक्टरांना आणि पालकांना अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.